भंगारातून परतलेली यंत्रे आणि खंदारे बाई

त्या खंडेनवमीच्या सकाळी मी यंत्राच्या तोंडात अक्षता टाकल्या. विद्यापीठाच्या संगणक केंद्रात परिचर म्हणून रुजू होऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते. ताडकळसहून पहिल्या बसने आलो, येताना झेंडूची फुले आणि हळद-कुंकवाची पुडी घेऊन आलो. आमच्या घरी त्या दिवशी वखर, विळा, खुरपे, शिलाई मशीन अशा सगळ्यांची पूजा होते. केंद्रातल्या यंत्रांची पूजा कोणी करताना दिसेना, म्हणून मी मनोभावे एकेकाला हळद-कुंकू वाहत गेलो. कोपऱ्यात लोखंडी पेटीसारखे एक जुने यंत्र होते. त्याला पुढून लांबट फट होती. मला ते तोंड वाटले. नैवेद्य दाखवावा तशा चिमूटभर अक्षता मी त्यात सोडल्या आणि हात जोडले.

डोळे उघडले तेव्हा दारात एक बाई उभ्या होत्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा.

"काय करायलात तुमी?"

"पूजा, बाई. खंडेनवमी हाय."

"ते दिसायलंय. आत काय सोडलं?"

"अक्षता."

"कोरड्या का ओल्या?"

"कुंकवात भिजवलेल्या."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. मला वाटले, आता नोकरी गेली. त्यांनी पिशवीतून पेचकस काढला, मला समोर बसायला सांगितले आणि यंत्राचे झाकण उघडले. चिमट्याने एकेक दाणा काढून त्या माझ्या तळहातावर ठेवत होत्या आणि मी मोजत होतो. अकरा दाणे निघाले. बाराव्यासाठी त्या अर्धा तास शोधत राहिल्या, मग म्हणाल्या, "अप्पा, तुमी चिमटीत किती घेतले व्हते ते देवालाच ठाऊक. त्याला विचारून सांगा उद्या."

माझे नाव मन्मथ. वयाने त्यांच्या निम्मा, कामाने झाडझूड करणारा; पण त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'मन्मथअप्पा' आहे आणि 'तुमी' आहे. जुन्या मोठ्या फ्लॉप्या वाचू शकणारे ते केंद्रातले एकमेव यंत्र होते आणि कपाटभर जुने निकाल, पावसाच्या जुन्या नोंदी त्याच फ्लॉप्यांवर अडकलेल्या होत्या, हे मला फार पुढे समजले. तेव्हा बाईंनी ते सांगितले नाही. पंधरा दिवस जेवणाच्या सुटीत आम्ही दोघांनी ते साफ केले. ज्या दिवशी त्याने फ्लॉपी वाचली, त्या दिवशी बाई म्हणाल्या, "मी पूजा करत न्हाई, तुमची मोडणार न्हाई. फक्त फुलं टेबलाला वाहा. यंत्राला नुसतं कोरडं फडकं." आजही आमच्या संग्रहालयाच्या दालनात खंडेनवमी तशीच होते. सकाळी बाई फडक्याने यंत्रे पुसतात, मागून मी टेबलाला फुले वाहतो.

श्रीमती सुशीला खंदारे यांना या महिन्यात पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. आपल्यापैकी बहुतेक जण त्यांना विद्यापीठाच्या संगणक संग्रहालयामुळे ओळखतात. केंद्राच्या मागच्या अंगाला असलेल्या त्या तीन खोल्यांत आज जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली येतात, दुसऱ्या गावांहून अभ्यासक येतात, आणि मुलाबाळांना घेऊन निवृत्त कारकून येतात, "हे बघ, ह्याच्यावर मी काम केलंय" म्हणत. हे वैभव बाईंचे आहे. परंतु गेली दोन वर्षे या खोल्यांवर एक काळजी होती, आणि तीही मला इथे लपवायची नाही. बाई निवृत्त होऊन बराच काळ झाला. त्या येतात ते स्वखुशीने, मानधनाशिवाय. त्यांच्यानंतर या दालनाचा ताबा, आमच्या भाषेत 'चार्ज', कोण घेणार? कोणी घेतला नाही तर खोल्या भांडारासाठी जाणार आणि यंत्रे पुन्हा भंगाराच्या यादीत.

बाई मूळच्या पेडगावच्या. वडील शेतमजूर होते. बाबासाहेबांच्या विचाराने घरात एकच हट्ट शिरला होता, मुलगी शिकलीच पाहिजे. मॅट्रिकनंतर परभणीत टंकलेखन शिकून त्या विद्यापीठात पंच ऑपरेटर म्हणून लागल्या. तेव्हा संगणकाला माहिती द्यायची तर ती जाड कागदी कार्डांवर छिद्रे पाडून द्यावी लागे. एका कार्डावर ऐंशी रकाने, प्रत्येक अक्षराची छिद्रे ठरलेली. बाई दिवसभर ते काम करत. पेडगावात कोणी विचारले की त्यांच्या आई सांगत, "पोरगी सरकारात हाय, कार्डाला भोकं पाडती." त्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "भोकं पाडायला पगार देतेत? आमच्या घरात उंदरं फुकट पाडायलेत." हा किस्सा बाई सहलीच्या प्रत्येक मुलाला सांगतात आणि प्रत्येक वेळी स्वतः आधी हसतात.

त्या कामाची एक रीत होती. एकीने पाडलेले कार्ड दुसरी ऑपरेटर दुसऱ्या यंत्रात घालून तीच अक्षरे पुन्हा टंकायची. दोघींचे जुळले नाही तर यंत्र अडायचे. पहिलीने घाई केली की दुसरीला कळायचे, दुसरीने डोळेझाक केली की काम बिघडायचे. बाईंनी ही रीत आयुष्यभरासाठी घेतली. संग्रहालयातली कोणतीही पाटी एकाने लिहिली की दुसऱ्याने कागदपत्र पाहून तपासायची, मगच भिंतीला लावायची. एकदा एका मोठ्या पाहुण्यांच्या आगमनासाठी मी घाईने एका यंत्राखाली 'मराठवाड्यातील पहिला संगणक' अशी पाटी लावली. बाईंनी ती पाहुण्यांसमोरच काढली.

"पहिला कशावरून?"

"बाई, सगळे तसंच म्हणतेत."

"सगळ्यांनी कागद बघितलाय का? 'आमच्या माहितीतला जुना' लिहा. तेवढं खरं हाय."

मला फार ओशाळल्यासारखे झाले होते. मात्र पाहुणे त्या पाटीसमोरच सर्वांत जास्त वेळ थांबले. इतकी खरी पाटी आपण कुठल्या संग्रहालयात पाहिली नाही, असे ते जाताना म्हणाले.

यंत्रे जमवण्याची कथा तर स्वतंत्र पुस्तकाची आहे. जुनी यंत्रे निर्लेखित झाली, म्हणजे उपयोगाची नाहीत असे ठरून लिलावात गेली, तेव्हा बाई नोकरीत होत्या आणि त्यांच्या शब्दाला वजन नव्हते. त्यांनी एका वहीत कोणते यंत्र कोणी नेले ते लिहून ठेवले. निवृत्तीनंतर ती वही घेऊन त्या एकेका गावी जाऊ लागल्या. मी सुटी काढून सोबत जात असे. छिद्रे पाडण्याच्या ज्या यंत्रावर बाईंनी उमेदीची वर्षे घालवली, ते सेलूला एका कापसाच्या जिनिंगच्या शेठजींकडे गेले होते.

त्या दिवशी रेल्वेने आम्ही सेलूला उतरलो तेव्हा ऊन चढले होते. सकाळी गडबडीत माझी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा राहिली होती, आणि ती झाल्याशिवाय मी अन्न घेत नाही. मी काही बोललो नव्हतो. बाईंनी चहा मागवला, माझ्या कपाला हात लागला नाही हे पाहिले आणि उठून गेल्या. आल्या त्या फलाटावरच्या नळावर तांब्या भरून. फलाटाच्या टोकाला झाडाखाली मी बसलो. माझ्याकडे पाठ करून बाई मध्ये उभ्या राहिल्या. कोणी जवळ येऊ लागले की म्हणत, "जरा तिकडून जा भाऊ, माणूस पूजेत हाय." मी देवापुढे अनेकदा बसलो आहे. इतक्या निवांतपणे क्वचित बसलो असेन.

जिनिंगवर पोहोचलो तर त्या यंत्राच्या लोखंडी टेबलावर स्टोव्ह आणि चहाचे पातेले. वरचा छिद्रे पाडणारा भाग गोणपाटात गुंडाळून खाली ठेवलेला. शेठजी मोकळ्या स्वभावाचे होते.

"बाई, टेबल लय मजबूत हाय. ह्याच्यावर चहा चांगला व्हतो."

"शेठजी, ह्याच्यावर मी बारा वर्षं बसलेय. चहा तुमचा चांगला, श्रेय टेबलाला नका देऊ."

"मंग नेऊन करणार काय?"

"पोरांना दाखवणार."

"भोकं पाडायचं मशीन?"

"हो. तुमच्या हातातला मोबाइल ह्या भोकातूनच आलाय."

शेठजींनी मोबाइलकडे पाहिले, टेबलाकडे पाहिले. मग पातेले स्वतः उतरवले. एकच अट घातली, पाटीवर आपले नाव हवे. नाव आले. पाटीवर लिहिले आहे: 'सेलूच्या जिनिंगमध्ये काही वर्षे यावर चहा होत असे. शेठजींनी मोठ्या मनाने परत दिले.' खाली त्यांचे नाव. ते दर दिवाळीला पाहुण्यांना घेऊन ती पाटी दाखवायला येतात.

बाईंनी माझ्यासाठी काय केले ते थोडक्यात सांगतो, कारण त्यांना ते आवडणार नाही. मी बारावी होऊन परिचर म्हणून लागलो होतो. सोल्डरिंगच्या झारणीने तारा जोडायला शिकवता शिकवता त्यांनी मला मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरायला लावला. पहिल्या वर्षी मी दोन विषयांत नापास झालो आणि आठवडाभर त्यांच्यासमोर जायचे टाळले. आठव्या दिवशी त्या स्वतः झाडू घेऊन माझ्या वाटणीची खोली झाडू लागल्या. मी धावत जाऊन झाडू घेतला. "आता सापडलात," म्हणाल्या, "चला, गणिताचं पुस्तक काढा." आज मी तांत्रिक साहाय्यक आहे.

आता दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाबद्दल. जागेचा फेरआढावा घेणारी समिती येणार होती. तीन खोल्या रिकाम्या करून भांडाराला द्याव्यात असा विचार होता, आणि त्यात कोणाचा द्वेष नव्हता. जागा सगळ्यांनाच कमी पडते. अध्यक्ष साहेब शिस्तीचे, मोजके बोलणारे. सगळे पाहून झाल्यावर त्यांनी विचारले, "बाई, हे सगळे छान आहे. पण बंद यंत्रे ठेवून उपयोग काय?"

बाई म्हणाल्या, "बंद कोणतं हाय साहेब? बसा."

त्यांना त्या छिद्रांच्या यंत्रासमोर बसवले. कपाटातून कोऱ्या कार्डांचा गठ्ठा काढला. मी हादरलो. ती कार्डे आता कुठे बनत नाहीत. तेवढा एकच गठ्ठा शिल्लक, आणि इतक्या वर्षांत बाईंनी मला त्याला बोटही लावू दिले नव्हते.

"तुमचं नाव टाका. इंग्रजीत."

साहेबांनी चार अक्षरे टंकली, पाचवे चुकले. "खोडायचे कसे?"

"खोडता येत न्हाई. पडलेलं भोक बुजत न्हाई. दुसरं घ्या."

दुसरे घेतले. आडनावात चुकले. साहेबांच्या कपाळावर घाम आला. समितीतले एक सदस्य हळूच म्हणाले, "साहेब, दमानं." तिसरे कार्ड आत सरकले तेव्हा खोलीत कोणी हलत नव्हते. खट, खट, खट, एकेक छिद्र पडत गेले. शेवटचे अक्षर झाले. कार्ड बाहेर आले. बाईंनी ते खिडकीच्या उजेडात धरले आणि नुसती छिद्रे पाहून नाव अक्षर अक्षर वाचून दाखवले. मग म्हणाल्या, "बरोबर हाय. साहेब, तुमी पास."

त्या माणसाला मी कधी हसताना पाहिले नव्हते. ते हसले, कार्ड हातात उलटसुलट केले, आणि खिशात ठेवून म्हणाले, "खोल्या राहतील." समितीतले सदस्य मग रांगेत उभे राहिले, प्रत्येकाला आपले नाव हवे होते. बाईंनी प्रत्येकाला कार्ड दिले. गठ्ठा निम्म्यावर आला. मी नंतर तक्रार केली तेव्हा त्या म्हणाल्या, "अप्पा, कार्डं कामून ठिवली व्हती मी? याच दिवसासाठी."

तो दिवस त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा विजय होता. दारात निघताना मात्र साहेबांनी अट सांगितली. निवृत्त व्यक्तीच्या भरवशावर शासकीय खोली ठेवता येत नाही. कायम नोकरीतल्या तांत्रिक माणसाने चार्ज घ्यावा, मगच आदेश निघेल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पंख्याकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "बघू साहेब. चहा घ्या." आणि मला त्यांनी कधीही, एका शब्दानेही, विचारले नाही.

चार्ज घेणे म्हणजे काय, हे नोकरदारांना सांगायला नको. जडसंग्रह (डेड स्टॉक) नोंदवहीतल्या प्रत्येक वस्तूसमोर आपली सही. स्क्रू हरवला तरी जाब आपल्याला, निवृत्तीच्या दिवसापर्यंत. एका भांडारपालांचे निवृत्तीवेतन एका सूक्ष्मदर्शकापायी अडून राहिलेले मी पाहिले होते. घरी विषय काढला तर पत्नी सुनंदा म्हणाली, "सगळ्यांची भंगारं तुमीच कामून अंगावर घ्यायलात? बाईंच्या कामाला तोड न्हाई, मान्य. पन त्या गेल्यावर लोकं तुमालाच धरतील." ती खोटे बोलत नव्हती. मी दिवस ढकलत राहिलो. पूजेला बसलो की मन त्या नोंदवहीतच जाई. वर्ष गेले, दुसरे सरत आले. आदेश निघेना.

मग या उन्हाळ्यात एका दुपारी मी आतल्या खोलीत तारा गुंडाळत होतो. बाहेर बाई फोनवर बोलत होत्या.

"शेठजी, तब्येत बरी हाय ना? ... एक विचारायचं व्हतं. तुमचं ते टेबल, लागलंच तर परत न्याल का? ... न्हाई, तसं काही न्हाई झालं अजून. पन भंगारात जाऊ नये. चहाला ठिवा, चालंल. वरचं मशीन तेवढं झाकून ठिवा, धूळ बसती."

फोन ठेवून त्यांनी वहीत एक ओळ लिहिली. त्या घरी गेल्यावर मी ती वही पाहिली. प्रत्येक यंत्रासमोर एकेक नाव होते. कोणते कोणाच्या घरी जाईल, कोणाच्या शाळेत, कोणाच्या दुकानात. त्यांनी माझी वाट पाहणे थांबवले होते, आणि मला दोष न देता त्या आपल्या यंत्रांना ठिकाणे शोधत होत्या. काही नावांपुढे 'नको म्हणाले' असे लिहिले होते.

घरी येऊन मी सुनंदाला ती वही जशीच्या तशी सांगितली. ती भाकरी करत होती. हातातली भाकरी तिने पुरी केली. मग तवा उतरवून म्हणाली, "'नको म्हणाले' असं किती जणांपुढं हाय?"

"पाच."

"सही करायची तर बघून करा. स्क्रू मोजून घ्या. मी येते मोजायला."

ती खरेच आली. आम्ही तिघांनी मिळून आठ दिवस यादी तपासली. बाई वस्तू दाखवत, सुनंदा मोजे, मी लिहीत असे. एका डब्यातले सुटे भाग मोजताना सुनंदा म्हणाली, "बाई, ह्या गड्याला तुमी घरी बी अप्पाच करून ठिवलं, काही म्हणता येईना." बाई इतक्या हसल्या की मोजणी चुकली आणि पहिल्यापासून करावी लागली.

खंदारे बाईंनी आम्हाला यंत्रे दिली, काम दिले, खरे लिहायची सवय दिली. त्यांच्या हातून अजून पुष्कळ व्हायचे आहे. मागच्या खोलीत चार यंत्रांची ओळख पटायची आहे, आणि ती त्यांच्याशिवाय कोणाला पटणार नाही. त्यांचे डोळे असेच उजेडात कार्ड वाचत राहोत, गुडघे दालनाच्या तीन पायऱ्या चढू देत राहोत, आणि पेडगावच्या काकूंचा किस्सा अजून कैक सहलींनी ऐकावा. रोज सकाळी महादेवाजवळ मी जे मागतो, त्यात आता हेही आहे.

गेल्या सोमवारी, कार्यालय उघडल्यावर, मी नोंदवहीच्या प्रत्येक पानावर सही केली आणि संगणक संग्रहालयाचा चार्ज घेतला.